मानेवर पट्टी आहे का?

पक्षी बघणाऱ्या माणसांकडे दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या असतात आणि न दिसलेल्या पक्ष्यांचे किस्से. याद्या जपाव्या लागतात. किस्से आपोआप साठतात, फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या टेकअवेच्या मेन्यूंसारखे. मुद्दाम ठेवलेला त्यात एकही नसतो, पण एक दिवस बघावं तर दाराचा रंग दिसेनासा झालेला असतो.

आमचा ग्रुप लहान आहे. सिंगापूरमधली पाच-सहा मराठी घरं, बहुतेक पुण्या-मुंबईची, बहुतेक आयटीतली. रविवारी पहिली MRT, म्हणजे इथली मेट्रो, पकडायची, कुठल्या तरी पार्कात दहापर्यंत मान वर करून हिंडायचं आणि मग हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसून भांडायचं. भांडण पक्ष्यांवरूनच. कोण काय दिसलं म्हणतो ते एका एक्सेल शीटमध्ये जातं आणि वर्षअखेरीला प्रत्येक नोंदीसमोर एक शब्द पडतो: मंजूर, नामंजूर किंवा प्रलंबित.

त्या शीटमध्ये एक नोंद वर्षभर प्रलंबित होती. ती माधवची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेरच्या एका पक्ष्याची. नोंद केल्यावर नवव्या दिवशी तो गेला, त्यामुळे त्याला उलटतपासणीला बोलवायची सोय राहिली नाही. ती नोंद मंजूर करायची की नाही, हे गेल्या रविवारी ठरलं. ते सांगणारच आहे. पण आधीचे किस्से सांगितल्याशिवाय त्या एका ओळीनं सगळ्यांची झोप का उडवली होती, ते कळायचं नाही.

*

ग्रुपचं नाव "हळद्या". माधवनंच ठेवलेलं. हळद्या म्हणजे तो पिवळाधमक, मैनेपेक्षा थोडा मोठा पक्षी. पुण्यात टेकडीवर दिसला की आम्ही घरी येऊन सांगायचो. इथे बेडोकला आमच्या ब्लॉकखालच्या झाडावर तो रोज सकाळी अलार्मच्या आधी ओरडतो.

मुग्धा तेव्हा नुकतीच सिंगापूरला आली होती. बुकित पंजांगला भाड्यानं फ्लॅट घेतला होता. कुणीतरी तिला लिंक पाठवली आणि ती ग्रुपवर आली. दोन दिवस गप्प राहून मेसेज वाचत होती.

"आज बेडोकला हळद्या, दोन."

"जुरोंग ईस्टला एकही नाही."

"बुकित पंजांगला भरपूर!!"

तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, "नमस्कार. मी बुकित पंजांगलाच राहते. अर्धा किलो मिळेल का? सांगलीची असेल तर उत्तम."

मग माधवचं उत्तर आलं: "सांगलीची इथे येत नाही. रेंजबाहेर आहे."

मुग्धानं त्यावर होकाराचा अंगठा टाकला. पुढच्या रविवारी पार्काच्या गेटवर ती सगळ्यांच्या आधी हजर होती. हातात कापडी पिशवी!

*

त्याच दिवशी माधवनं तिला हळद्या समजावून सांगितला. हे प्रवचन आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं होतं.

"हे बघ, तिकडचा आणि इकडचा असे दोन हळद्ये. दोघंही पिवळे. दोघांचे पंख काळे, दोघांची चोच गुलाबी. तिकडच्याच्या डोळ्यावरून काळा पट्टा जातो आणि डोळ्यामागे जरासा जाऊन संपतो. काजळ लावल्यासारखा. इकडच्याचा पट्टा दोन्ही बाजूंनी मागे जातो आणि मानेवर जुळतो. पट्टी बांधल्यासारखा. म्हणून हळद्या पाठमोरा बसला की एकच प्रश्न विचारायचा. मानेवर पट्टी आहे का?"

"आणि नसली तर?" मुग्धानं विचारलं.

"नसली तर तू चुकीच्या विमानात बसलीस. तू अजून पुण्यातच आहेस."

माधवचा पेशा डेटाबेस सांभाळण्याचा. पक्षी दिसला की बाकीचे रंग बघायचे, हा नकाशा बघायचा. कोणता पक्षी कुठून कुठपर्यंत सापडतो, म्हणजे पक्ष्याची रेंज, ते त्याला पाठ होतं. "पिसं उन्हात वेगळी दिसतात, सावलीत वेगळी," असं म्हणायचा. "नकाशावर ऊन पडत नाही."

*

याचा सगळ्यात जास्त त्रास नेन्यांना झाला.

नेने जुरोंग ईस्टच्या एका काँडोत राहतात, बँकेच्या आयटीत मॅनेजर आहेत आणि मूळचे चिपळूणचे आहेत. यातलं तिसरं ते पहिल्यांदा सांगतात. नोव्हेंबरातल्या एका सकाळी कालव्याकडेच्या झुडपात बघून ते एकदम किंचाळले, "नवरंग! नवरंग!"

माधव झुडपाकडे न बघताच म्हणाला, "नवरंग इथे येत नाही."

"अहो, मी बघतोय!"

"तुम्ही बघताय तो त्याचा इकडचा भाऊबंद. निळ्या पंखांचा. नवरंग भारतात हिंडतो, दक्षिणेला फार तर श्रीलंकेपर्यंत. इकडे वळत नाही."

"माधव, चिपळूणला आमच्या परसात नवरंग यायचा. मला शिकवू नका. नऊ रंग मोजायचे आणि नवरंग म्हणायचं!"

"मोजा."

नेन्यांनी दुर्बीण लावली आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. काळा. पांढरा. हिरवा. निळा. पोटाखाली लाल. छातीवर बदामी. डोक्यावर तपकिरी. सात झाले आणि पक्षी भुर्रकन उडाला.

"बाकीचे दोन?" माधवनं विचारलं.

"घेऊन गेला!" नेने म्हणाले.

नामंजूर. नेन्यांची ही नामंजूर झालेली चौथी नोंद होती. पुढे ती संख्या सातावर गेली. दर वेळी नेने एक महिना ग्रुप सोडायचे आणि महिना पूर्ण व्हायच्या आत परत यायचे.

*

माधव दुसऱ्यांनाच कडक होता असं मात्र नाही.

बेडोकला आमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरबाहेर एका सकाळी तो चालता चालता थबकला. कान टवकारले. "शामा," म्हणाला. शामा म्हणजे काळपट निळा, नारिंगी पोटाचा, लांब शेपटीचा गाणारा पक्षी. इथे मोकळ्यावर मिळणं फार कठीण. माधवचा चेहरा मुलगा पहिला आल्यासारखा झाला. आम्हाला मूल नाही, पण असाच होत असेल.

चाळीस मिनिटं तो समोरच्या झाडांत दुर्बिणीनं शोधत होता. गाणं चालूच. मी इथली दाट कॉफी, म्हणजे कोपी, दोनदा संपवली, नेन्यांनी तीनदा. शेवटी मागच्या टेबलावरचे एक चिनी आजोबा उठले आणि माधवच्या खांद्यावर टकटक करून इथल्या लाह-वाल्या इंग्लिशमध्ये विचारलं.

"यू लुकिंग फॉर माय बर्ड, इज इट? बिहाइंड यू, लाह!"

मागच्या खांबावर वेताचा सुंदर पिंजरा टांगलेला होता. आत शामा. तिथे म्हातारे लोक आपापले पिंजरे आणून टांगतात आणि कोपी पीत गाणी ऐकतात, हे आम्हाला इतकी वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं.

"लिहा, लिहा!" नेन्यांना आनंद झाला होता. "शामा, एक!"

"पिंजऱ्यातला धरत नाही," माधव म्हणाला.

आजोबांनी तो काय म्हणतोय असं विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"व्हाय नॉट काउंट? ही एव्हरी डे ऑल्सो हिअर, व्हॉट!"

माधवनं त्या दिवशी शीटमध्ये स्वतःची नोंद स्वतः केली आणि तिच्यासमोर स्वतःच नामंजूर लिहिलं. पुढे त्या आजोबांशी त्याची ओळख झाली. ते त्याला "मिस्टर नो काउंट" म्हणायचे.

*

हा किस्सा छोटा आहे. चिनी नववर्षाचे दिवस होते. मुग्धाला एका बागेत लाल शिंजीर दिसला. हा अंगठ्याएवढा, लालभडक, फुलांतला मध पिणारा पक्षी इथे सगळ्यांचा लाडका. "पानांआड आहे," ती कुजबुजली. "लालभडक. खाली जरा सोनेरी. हलतोय, पण जागचा हलत नाही."

आम्ही सगळे वीस मिनिटं श्वास रोखून उभे. नेन्यांची मुलगी ईरा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. ती सरळ झाडापर्यंत चालत गेली, हात वर केला आणि तो पक्षी काढून घेऊन आली. सणासाठी फांदीला टांगलेला लाल रेशमी गोंडा होता.

माधवनं अगदी गंभीरपणे विचारलं, "रेंज?"

"चायनाटाउन, लाह," ईरा म्हणाली.

*

शीटमध्ये "स्टेटस" नावाचा एक रकाना आहे. पक्षी इथला रहिवासी आहे, हिवाळ्यापुरता आलेला स्थलांतरित आहे, की वाट चुकून भरकटलेला, ते त्यात लिहायचं. मुग्धानं पहिल्यांदा शीट भरलं तेव्हा पक्ष्याचं नाव, जागा, वेळ सगळं नीट लिहिलं आणि स्टेटसमध्ये लिहिलं, "एम्प्लॉयमेंट पास. पुढच्या जूनपर्यंत."

नेने हसून हसून लाल झाले. माधव हसला नाही. "बरोबरच आहे," म्हणाला. "स्थलांतरित."

मग हॉकर सेंटरच्या टेबलावर प्रत्येकाचं स्टेटस काढायचा खेळ सुरू झाला. PR, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेले नेने रहिवासी. नोकरीपुरत्या परवान्यावरची मुग्धा स्थलांतरित. मी माधवच्या नोकरीमुळे आलेली, डिपेंडंट पासवर, तेव्हा माझं काय यावर बराच वाद झाला. नेन्यांची बायको वंदना म्हणाली, "सोबत आलेली."

"असा रकाना नसतो," नेने म्हणाले.

"मग घाला!" वंदना म्हणाली.

माधवनं खरंच घातला. तो अजून शीटमध्ये आहे आणि त्यात आजवर एकाही पक्ष्याची नोंद झालेली नाही.

*

माधव गेल्यावर तेराव्या दिवशी ग्रुपमधले सगळे बेडोकच्या घरी आले. सगळे धुतलेल्या कपड्यांत आणि दुर्बिणींशिवाय. ते सगळे मला एकदम अनोळखी वाटले. शेवटी नेने उठून उभे राहिले. त्यांनी बहुधा येताना MRTमध्ये तयारी केली असावी.

"वहिनी," ते म्हणाले, "माधवसारखा माणूस आम्हाला पुन्हा कधी... शिंजीर! नर! लाल!"

बाल्कनीतल्या कुंडीवर खरंच लाल शिंजीर बसला होता. क्षणात सगळी खोली रिकामी होऊन बाल्कनीत. एकमेकांच्या खांद्यावरून माना. मीही गेले. पक्षी अर्धा मिनिट बसला आणि उडाला. मग एकेक जण खाली मान घालून परत येऊन आपापल्या जागी बसला. नेन्यांना तोंड कुठे लपवावं कळेना.

"सॉरी, वहिनी. मी काय बोलत होतो..."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "वेळ लिहून घेतलीत का?"

*

आता ती नोंद.

माधवनं ती ग्रुपवर पाठवली होती. शब्द असे: "सकाळी ८.१०. खिडकीबाहेर रेन ट्रीवर हळद्या, एक, नर. पिवळाधमक. चोच गुलाबी. मानेवर पट्टी नाही."

पट्टी नाही म्हणजे तिकडचा. तिकडचा सिंगापूरला येत नाही. नकाशात नाही, कुणाच्या यादीत नाही. आणि लिहिणारा कोण, तर ज्यानं नकाशात बसत नाही म्हणून नेन्यांचा नवरंग नाकारला तो!

नेन्यांनी लगेच विचारलं होतं, "माधव, नक्की?"

माधवनं उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला होता.

तो गेल्यावर शीट नेन्यांकडे आलं आणि सोबत ही ओळही. वर्षभर त्यांनी तिच्यावर जेवढा विचार केला तेवढा स्वतःच्या मॉर्टगेजवर केला नसेल. ईराचं मत होतं, "जुवेनाइल, पप्पा." म्हणजे इकडचंच पिल्लू, कारण पिल्लांच्या मानेवरची पट्टी पुसट असते. नेने म्हणाले, पिल्लू हिरवट दिसतं, छातीवर रेघा असतात, चोच गुलाबी नसते आणि माधव एवढी चूक करणार नाही. मुग्धा म्हणाली, पिंजऱ्यातून सुटलेला असेल. नेने म्हणाले, मग तो धरता येत नाही. कुणी म्हणालं, वादळात भरकटलेला. नेन्यांनी त्या आठवड्याचं हवामानही बघितलं. वादळ नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, सगळ्यांचं म्हणणं आहे की मंजूर करून टाकू. शेवटची नोंद आहे त्याची. काय बिघडतंय?"

"करा की. मग तुमचा नवरंगही करा."

"तो कसा करणार? तो तर रेंजबा..." आणि ते थांबले.

"हं," मी म्हटलं.

मला स्वतःला ती ओळ मंजूर व्हायला हवी होती की नामंजूर, हे मी तेव्हा सांगू शकले नसते. आहे तशी मला ती बघवत नव्हती. आणि दयेनं मंजूर झालेली तर मुळीच नको होती. त्यानं तसली मंजुरी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

*

गेल्या रविवारी नेन्यांच्या घरी वर्षअखेरीची बैठक झाली. वंदनानं पोहे केले होते. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. एकेक ओळ वर सरकत होती, मंजूर, मंजूर, नामंजूर, आणि नेने पोह्यांना हात लावत नव्हते. शेवटी ती एकच ओळ राहिली.

नेन्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नियम असा आहे," ते म्हणाले, "की बघणारा हजर नसेल तर सोबतच्या माणसाला विचारायचं."

"काका, राहू दे ना," मुग्धा हळूच म्हणाली.

"राहू दे कसं? नियम माधवचाच आहे." ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे बघणं मात्र त्यांना जमत नव्हतं, माझ्या हातातल्या बशीकडे बघत होते. "वहिनी, त्या सकाळी तुम्ही खोलीत होता?"

"होते."

"पक्षी पाहिलात?"

"पाहिला."

हे उत्तर त्यांनी धरलेलं नव्हतं. वर्षभरात मला कुणी हे विचारलंच नव्हतं. दुःखातल्या बाईला पक्षी दिसला असेल, हे कुणाच्या मनात आलं नसावं.

"प्रकाश कसा होता?"

"चांगला. ऊन आलेलं होतं."

"अंतर?"

"ही खोली दोनदा ओलांडली तर जेवढं होईल तेवढं."

"दुर्बीण?"

"नव्हती. लागली नसती."

नेन्यांनी माउस उगाच जरा इकडे तिकडे हलवला. टीव्हीवर बाणही हलला. "मानेवर पट्टी होती का?"

"होती."

वंदनाच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"म्हणजे... मागे जुळलेली?"

"जुळलेली. बोटभर रुंद. काळी कुळकुळीत."

"मग माधवनं नाही असं कसं लिहिलं?"

"त्यानं पाहिला नाही. चष्मा ड्रॉवरमध्ये होता. त्यानं मला विचारलं, आणि मी नाही म्हणून सांगितलं."

का, असं कुणीही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्या घराची ऋणी आहे. नेने लॅपटॉपकडे वळले आणि हळूहळू टाइप करायला लागले. आम्ही टीव्हीवर एकेक अक्षर उमटताना बघत होतो. "हळद्या, इकडचा. एक. नर. दुरुस्तीसह मंजूर."

"शेरा लिहावा लागेल," ते म्हणाले. "दुरुस्ती कशामुळे, ते."

"ह्यूमन एरर, लाह," ईरा म्हणाली आणि लगेच आईकडे बघून तिनं जीभ चावली.

"तेच लिहा," मी म्हटलं.

मग नेन्यांनी पोहे खाल्ले. गार झाले होते तरी दोनदा घेतले.

*

तिथे मी एवढंच सांगितलं. राहिलेलं इथे सांगते.

आदल्या दिवशी डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. माधवला पुण्याला नेता येईल का, हा प्रश्न मी तिसऱ्यांदा विचारला होता आणि त्यांनी तिसऱ्यांदा, पण या वेळी खुर्ची जवळ ओढून, तेच उत्तर दिलं होतं. माधव झोपलाय असं समजून आम्ही त्याच्या पायाशीच बोलत होतो.

सकाळी मी खिडकीचा पडदा सरकवला. माधव डोळे मिटून पडला होता. बाहेरून शीळ आली.

"हळद्या," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. "आवाज ऐक. इकडचाच आहे."

"हो."

"दिसतोय का?"

"समोरच्या फांदीवर बसलाय."

"रंग सांग."

"पिवळाधमक."

"चोच?"

"गुलाबी."

पक्षी फांदीवर वळला आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

"मानेवर पट्टी आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "डोळ्यापाशीच संपते."

माधवनं डोळे उघडले. खिडकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "नीट बघ."

"नीटच बघतेय. नाहीये पट्टी."

"म्हणजे तिकडचा?"

"तिकडचा."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर पक्ष्यानं पुन्हा शीळ घातली. दोनदा, अगदी स्पष्ट. माधव ती संपेपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "फोन दे."

मी चष्मा काढून द्यायला लागले तर नको म्हणाला. फोन डोळ्यांना लावल्यासारखा धरून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं ती ओळ लिहिली. त्याला बराच वेळ लागला. मला वाचून दाखवली. मानेवर पट्टी नाही, हे दोनदा वाचलं.

"पाठवू?"

"पाठव."

पाठवली. फोन छातीवर उपडा ठेवला आणि छताकडे बघत, गेल्या कित्येक दिवसांत हसला नव्हता तसा हसत म्हणाला,

"आता नेने वर्षभर जेवत नाहीत!"